लाल बटणावरची चिकटपट्टी

३ जुलै १९८५, बुधवार

बंद करून ठेवलेल्या टेपरेकॉर्डरमध्ये गाणं आपोआप भरलं जाऊ शकतं का? मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आहे, आमच्या घरातली पहिली पदवी माझी आहे, आणि मला याचं उत्तर देता येत नाही.

शोभाताई बायकांचे साक्षरता वर्ग चालवतात. त्यांना अर्ध्या तासाच्या गाण्यांची एक कॅसेट हवी आहे. स्वच्छता, शिक्षण, हुंडाबंदी असे विषय. आवडली तर तिच्या प्रती गावोगावच्या वर्गांत जातील. स्टुडिओ परवडणारा नाही. मी सभेत उभी राहून म्हणाले, "ताई, मी घरी करून देते." टाळ्या वाजल्या, म्हणून माघार घेता आली नाही.

योजना सोपी आहे. चाली मनकर्णा आत्याच्या, शब्द माझे. आत्या बाबांची मोठी बहीण. कुहीजवळच्या गावाहून डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आली आहे. एका डोळ्यावर हिरवं फडकं, दुसऱ्याने अंधुक दिसतं. चिखलात धानाची रोपं लावताना बायका रांगेने गातात, ती रोवणी तिच्या आवाजाशिवाय सुरूच होत नाही, असं ती स्वतःच सांगते.

माझ्याकडे दोन कॅसेट आहेत. एक जुनी, सिनेमाच्या गाण्यांची. तिच्या मागच्या भोकांवर चिकटपट्टी लावली की तिच्यावर पुन्हा भरता येतं. तिला मी 'कच्ची' म्हणते. आधी सगळं कच्चीवर भरायचं आणि त्यातलं चांगलं तेवढं नव्या भारी कॅसेटवर उतरवायचं. ती 'पक्की'. पक्कीच्या ए बाजूवर माझं पहिलं गाणं उतरलं आहे. चुकून कोणाचा धक्का लागला तर ते पुसू नये, म्हणून मी कॅसेट बी बाजूवर पलटवून ठेवते. बी बाजू कोरी आहे.

म्हणजे कोरी होती. आज टायपिंगच्या क्लासहून आले आणि सहज लावून पाहिली, तर तिच्यावर गाणं!

'मुकडदमाचं पोट आलं, मुकडदम मागून येते...'

मुकडदम म्हणजे रोवणीवर देखरेख करणारा. आवाज आत्याचाच. मागे कोणीतरी तोंडाला पदर लावून हसल्यासारखं ऐकू येतं. हसणं आईसारखं आहे, पण आई दुपारी झोपते.

आत्याला विचारलं. ती म्हणाली, "मले तं दिसत बी नाही वं. त्या डब्ब्याले हात लावीन मी? करंट नाही लागन?"

आत्या खोटं बोलत नाही. एका फितीचा ठसा शेजारच्या फितीवर उमटतो असं मी कुठेतरी वाचलं आहे. पण ठसा उमटायला मुळात ते गाणं कच्चीवर तरी हवं ना? ते तिथे नाही. पक्कीवरचं ते गाणं मी पुसून टाकलं.

५ जुलै

आज दिवसभर ध्वनिमुद्रण. परवडणाऱ्या साधनांत जे होईल ते केलं. घुमू नये म्हणून खोलीभर दोऱ्या बांधून घरातल्या सगळ्या गोधड्या टांगल्या. पंख्याची घरघर येते म्हणून पंखा बंद. माइक टेबलावर ठेवला तर टेबलाची धडधड येते, म्हणून तो बाबांच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळून कपड्यांच्या दोरीला लटकवला. बाबा मिलमधून आले, गोधड्यांच्या मधून वाट काढत आत शिरले आणि म्हणाले, "घरात माणूस राहते का चादरीवाला?" नंतर घामाने निथळत बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

मी लिहिलेलं दुसरं गाणं असं आहे:

'उकळून प्यावे पाणी सख्यांनो, आरोग्य राखा नित्य,
निर्मळ ठेवा घर अन् अंगण, हेचि जीवनी सत्य.'

आत्याने चार वेळा म्हटलं. पाचव्यांदा म्हणाली, "पाणी उकळू उकळू माहा आवाज आटून जाईन, जया."

"आत्या, हे समाजासाठी आहे."

"समाजाले तहान लागली का?"

संध्याकाळी मात्र ती उदास होती. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे, चिखलात तर पाय ठेवायचाच नाही. म्हणजे यंदा रोवणी नाही. आत्या म्हणते, ती नसली की पार्वती पुढे होईल. "तिचा आवाज म्हणजे रिकाम्या पिंपात गोटे टाकले वाटते. धान उगवन का त्यानं?"

मी तिची समजूत घातली की विश्रांतीही आवश्यक असते. तिने माझं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "हा डब्बा बिजलीशिवाय वाजते का वं? बांधावर नेऊन ठेवला तं?"

या वयात ही जिज्ञासा पाहून मला फार आनंद झाला. मी सांगितलं की सेलवर वाजतो. एवढंच नाही, तिचा हात धरून प्रत्येक बटण कशासाठी असतं ते समजावून दिलं. "हे लाल आणि शेजारचं एकदम दाबलं की भरायला लागतं. म्हणून ही दोन कधीच एकदम दाबायची नाहीत."

"बरं सांगितलं बाई," आत्या म्हणाली. "नाही तं चुकून दाबली असती."

७ जुलै, रविवार

सकाळी चंद्रभान आले. त्यांचं इतवारीच्या गल्लीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. कच्चीवरून पक्कीवर उतरवायला दोन टेपरेकॉर्डर लागतात. दुसरा ते सायकलला बांधून आणतात आणि काम झालं की परत नेतात. मी म्हणाले, इथेच राहू द्या, कशाला हेलपाटे घालता? ते म्हणाले, "नाही मॅडम, दुकानात लागते." कर्तव्यदक्ष मनुष्य आहेत.

त्यांनी सांगितलेलं लिहून ठेवते. हेड स्पिरिटने पुसायचं. (आत्याच्या डोळ्यासाठी आणलेलं स्पिरिट वापरलं.) नकलेची नक्कल करायची नाही, दर नकलेला सूं-सूं वाढते. काम पूर्ण झालं की कॅसेटच्या मागच्या कडेची बारीक प्लास्टिकची पट्टी मोडायची. मग त्या बाजूवर कोणी भरू शकत नाही. दोन बाजूंच्या दोन वेगळ्या पट्ट्या असतात.

"मोडून देऊ का आत्ता?" त्यांनी विचारलं.

"अजून काम अपूर्ण आहे."

"हो, हो. घाई नाही," ते म्हणाले.

मुकडदमाच्या गाण्याबद्दलही विचारलं. ते बराच वेळ टेपरेकॉर्डरकडे पाहत राहिले. मग खाटेवरच्या आत्याकडे पाहिलं. मग त्यांना खोकला आला. "होते असं कधी कधी, मॅडम. बुधवारी येऊन पुन्हा पाहतो."

१० जुलै

चंद्रभान येऊन पाहून गेले. बिघाड नाही. तरी शनिवारी पुन्हा येतील.

त्यांच्या मते कोणाचा तरी धक्का लागत असावा. म्हणून मी एक युक्ती केली. आत्याच्या डोळ्याच्या पट्टीसाठी आणलेली चिकटपट्टी होती, तिचा जाडसर तुकडा लाल बटणावर चिकटवला. आत्याचा हात त्यावर फिरवून सांगितलं, "खरखरीत लागलं की समजायचं, हेच ते. तिथून हात मागे घ्यायचा."

"खरखरीत म्हणजे लाल," आत्याने पाठ केलं. "आता अंधारात बी चुकणार नाही मी."

११ जुलै

चिकटपट्टीचा काही उपयोग झाला नाही. उलट बी बाजूवर आज दोन गाणी आहेत. एक धानाच्या पेंडीचं. दुसरं असं:

'डब्बा तं साजरा वाजे बाई, तारवाला काहून येते...'

म्हणजे तारवाला कशाला येतो. यावर मी बराच विचार केला. गाणं जुनं असणार, पण खेड्यातल्या जुन्या गाण्यात तारवाला कुठून आला? इंग्रजांच्या काळात तारायंत्राचे खांब रोवले गेले, तेव्हाचं असावं. 'डब्बा' म्हणजे टपालाची पेटी. लोकगीतांत इतिहास कसा दडलेला असतो! आईला हे सांगितलं, तर ती पोळी करता करता उठून मागच्या अंगणात निघून गेली. तिचे खांदे हलत होते. तिलाही खोकल्याची उबळ आली की काय?

गाणी पुसली नाहीत. इतिहासाचा प्रश्न आहे. आता बी बाजूकडे पाहायचंच नाही असं ठरवलं. माझं काम ए बाजूचं.

१४ जुलै, रविवार

आज मी एका मोठ्या अडचणीवर मात केली. हे थोडं अभिमानाने लिहिते आहे.

आत्या प्रत्येक ओळीनंतर थांबते. एक ओळ, मग तेवढीच शांतता, मग दुसरी ओळ. मी विचारलं, "दम लागतो का?"

"नाही. जागा ठेवून राहिली मी."

"कोणासाठी?"

"जिची आहे तिच्यासाठी."

ऑपरेशनपासून ती असं काहीबाही बोलते. मी वाद घातला नाही. पण अर्ध्या तासात निम्मी शांतता ही उधळपट्टी आहे. म्हणून आज पहिल्या गाण्यापासून पुन्हा उतरवताना प्रत्येक ओळ संपताच मी पक्कीचं बटण दाबून ती थांबवली आणि पुढची ओळ येताच सोडली. चंद्रभान 'आता' म्हणायचे, मी दाबायची. दिवस गेला. पण गाणं कसं एकसलग झालं! वाचलेल्या जागेत आणखी दोन गाणी मावली, पैकी एक कुटुंबनियोजनाचं.

काम संपल्यावर कच्ची पुसायला घेतली, प्रती काढायला लागेल म्हणून. चंद्रभान म्हणाले, "राहू द्या ना मॅडम, मूळ आहे ते." मी म्हणाले, साधनं कमी असताना भावनेला जागा नसते. त्यांनी मान डोलावली आणि आत्याकडे पाहिलं. आत्या भिंतीकडे तोंड करून झोपली होती. निदान मला तसं वाटलं.

१६ जुलै

शोभाताईंनी ए बाजू ऐकली. "शुद्ध, स्पष्ट, कुठेही रेंगाळत नाही," असं म्हणाल्या. शनिवारी पक्की त्यांच्या साक्षरता केंद्रात नेऊन द्यायची. त्यावरून प्रती निघतील. आनंदात घरी आले. आत्या म्हणाली, "झालं समाजाचं?" आणि जेवली नाही.

मला कळत नाही. तिचं नाव कॅसेटवर येणार आहे, तेही माझ्या आधी. आणखी काय हवं माणसाला?

१९ जुलै, शुक्रवार

आज काय झालं ते नीट लिहायचं आहे, आणि स्वतःला पाठीशी घालायचं नाही.

दुपारी आत्याची गावची मैत्रीण आली, गोपिकाबाई. इतवारीत घमेली घ्यायला आली होती, ती उतरवून ठेवली नाहीत तोच आत्याचा डोळा पाहायला बसली. "हिरवं फडकं लावलं, तं पोपट दिसून राहिली," ती म्हणाली. आत्या म्हणाली, "तू तं आधीपासूनच कावळा." दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या. सोमवारी रोवणी सुरू, हे गोपिकाबाईने सांगितलं.

मी उत्साहाने ए बाजू लावली. गोपिकाबाई मांडी घालून, डोळे मिटून ऐकायला बसली. पहिली ओळ संपली, तिने श्वास घेऊन तोंड उघडलं, आणि दुसरी ओळ सुरू झाली. तिने तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. कुटुंबनियोजनाच्या गाण्यापर्यंत ती पाण्याबाहेरच्या मासोळीसारखी करत होती. मग डोळे उघडून म्हणाली,

"अवं मनकर्णे, मले कुठं गाऊ देते? तूच बोलते, तूच बोलते. दोन महिन्यांत शयरातली झाली, तं मले टाकलं?"

"मी नाही टाकलं," आत्या म्हणाली. "पोरीनं झाडून काढलं."

मला वाटलं जमीन दुभंगावी. रोवणीची रांग लांब असते. एका टोकाच्या बायका ओळ म्हणतात, दुसऱ्या टोकाच्या तिला उत्तर देतात. एका टोकाला आत्या, दुसऱ्याला गोपिकाबाई, दोघी नव्या नवऱ्या होऊन गावात आल्या तेव्हापासून. मी ज्याला शांतता म्हणत होते ते अर्धं गाणं होतं. ते मी दिवसभर बसून, अभिमानाने कापलं. आणि मूळ पुसलं.

"यंदा मी कोणासंग गाऊ?" गोपिकाबाई म्हणाली. "पार्वतीसंग? तिले जागा ठेवणं येत नाही. ती तं उत्तर बी सोताच देते."

"म्हणून तं मी म्हटलं, मी नाही तं माहा आवाज बांधावर..." आत्या एकदम थांबली.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "जया, ती पक्की पलटव."

"काहून?"

"पलटव म्हणते ना."

मी पलटवली. अगदी सुरुवातीपासून लावली. मुकडदमाचं पोट, जे मी पुसलं होतं, ते पुन्हा हजर. मग धानाची पेंडी. मग तारवाला. मग मी कधीच न ऐकलेली कितीतरी, पार शेवटापर्यंत. सगळी माझ्या टायपिंग क्लासच्या वेळेत भरलेली, आणि प्रत्येक ओळीमागे जागा.

'मुकडदमाचं पोट आलं, मुकडदम मागून येते...'

गोपिकाबाईने टाळी मारली आणि त्या जागेत नेमकी शिरली:

'पोटात काय वं? धान आमचं! दाबून पाहू देते?'

खोली दणाणली. आई लाटणं घेऊन दारात आली आणि तीही गायला लागली. आमची आई! बाबा मिलमधून येऊन दारात तसेच उभे राहिले, चपला न काढता. तारवाल्याच्या गाण्याला उत्तर असं होतं:

'दोन तारा तं जुडल्या कवाच्या, तिसरी जोडून घेते.'

हे गाताना गोपिकाबाई, आई आणि आत्या तिघी माझ्याकडे का पाहत होत्या ते कळलं नाही. तारायंत्राला दोनच तारा लागतात.

मग मी आत्याला सरळ विचारलं, "लाल बटण तुला दिसलं कसं?"

"दिसलं नाही वं. आधी तुही आई दाबे. मग खरखरीत लागलं."

"तू म्हणाली होतीस, हात लावणार नाही."

"म्हटलं, लावीन मी? तूच उत्तर नाही दिलं. जागा तं ठेवली होती मी."

रागवायचं होतं. हसू आलं, मग रडू, मग दोन्ही.

आता पेच असा. गोपिकाबाई उद्या सकाळच्या बसने परत जाणार. उद्याच पक्की शोभाताईंना द्यायची आहे, शब्द दिला आहे. चांगली कॅसेट एकच. ए बाजू त्यांची, बी बाजू आत्याची, आणि कॅसेट मधोमध चिरता येत नाही. बीची नक्कल कच्चीवर करता येईल, पण आज लावून पाहिली तर तिची फीत मुडपून आवाज गिळते. एका बाजूला सगळे वर्ग आणि माझं नाव. दुसऱ्या बाजूला एक बांध. मी शिकलेली आहे, मला हिशोब कळायला हवा. मला फक्त गोपिकाबाईचं उघडं तोंड दिसतं आहे.

२० जुलै, शनिवार

दुकान उघडायच्या वेळेला चंद्रभानकडे गेले. बांधावर वाजवायला सेलवर चालणारं यंत्र हवं होतं. त्यांनी काही न विचारता स्वतःचा टेपरेकॉर्डर काढून दिला, नवे सेल घालून. मी म्हणाले, "तुम्हाला दुकानात लागतो ना?"

"दुसरा आहे, मॅडम."

"आधीपासून?"

"हो."

मग तो दर वेळी सायकलला बांधून परत का न्यायचे? विचारणार होते, पण बसची वेळ झाली होती. पुढच्या आठवड्यात ते आमचा टेपरेकॉर्डर तपासायला येणार आहेत, तेव्हा विचारेन.

बसस्टँडवर आत्याही आली होती, हिरवं फडकं लावून, रिक्षाने. तिने गोपिकाबाईला बजावलं, "पार्वतीले माह्या टोकाला उभी नको करू. डब्बा ठेव तिथं." गोपिकाबाई म्हणाली, "डब्ब्याले खायले काय देऊ?"

तिथून केंद्रात गेले. शोभाताई वाट पाहत होत्या. मी म्हणाले, गाणी पुसली जात आहेत, मला आणखी महिनाभर द्या. या वेळी मी शब्द लिहिणार नाही, बायकांनाच विचारेन. त्यांनी चष्मा काढला.

"पुसली जात आहेत? आपोआप? कशी?"

"ताई," मी म्हणाले, "मी बी.एस्सी. आहे, पण याचं उत्तर मला देता येत नाही."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मी खाली पाहिलं नाही. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं खोटं, आणि तेही सोमवारपर्यंत खरं होणार आहे.

कारण बी बाजूची प्लास्टिकची पट्टी मी सकाळीच मोडली. ए बाजूची मोडली नाही. चंद्रभानच्या टेपरेकॉर्डरच्या लाल बटणावर चिकटपट्टीचा जाड तुकडा लावला, गोपिकाबाईचं चिखलाने भरलेलं बोट त्यावर नेमकं पडावं म्हणून, आणि बसच्या खिडकीतून तिला सांगितलं की आत्याला उत्तर द्यायचं असेल तर कॅसेट पलटवून खुशाल भरा. त्या बाजूला अजून माझं उकळलेलं पाणी आहे.